घराबाहेरची प्रत

फोटो कमी भरले असते तर मी समजू शकलो असतो. कमी भरणं हा माझा धंदाच आहे. कुणाचं घर जळतं, कुणाचं गोदाम पाण्यात जातं, आणि किती होतं, किती उरलं ते बघायला विमा कंपनी मला पाठवते. सव्वीस वर्षांत मी जे जे मोजलं ते आधी होतं त्याहून कमीच निघालं. इथे जास्त निघत होते. आमच्या घरच्या संगणकावर गेल्या तिमाहीच्या शेवटच्या तारखेपर्यंत अठ्ठावीस हजार तीनशे बारा फोटो होते, आणि बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरून आलेल्या डिस्कवर त्याच तारखेपर्यंतचे अठ्ठावीस हजार तीनशे त्रेपन्न. एक्केचाळीस जास्त. नकलेत अस्सलापेक्षा जास्त माल, हे कसं व्हावं? मी पुन्हा मोजायला लावलं. मोजायचं काम यंत्राचंच, पण ते मोजत असताना प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून मी पडद्यावरची नजर हलवली नाही, न जाणो, मी बघत नाहीसं पाहून काही गडबड करायचं. त्रेपन्नच. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते पी-पी-पी चाललं होतं. सकाळचे साडेदहा झाले होते आणि बायको कामावर जाऊन दोन तास होऊन गेले होते.

पाय मोडला तो एका जळक्या जिन्यावर. चौथी पायरी आतून कोळसा झालेली आहे हे मला, म्हणजे इतरांना हेच सांगत फिरणाऱ्या माणसाला, वरून कळलं नाही. सहा आठवडे घरी. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि खांदे फिरवते, त्यामुळे माझ्या पायाचं तिला काही विशेष वाटलं नाही. "हाड आहे, जुळेल," म्हणाली, आणि निघताना दारातून, "फक्त घरात बसून कुणाचं डोकं खाऊ नकोस." घरात कुणी नव्हतंच डोकं खायला. पोरगी, आमची ठकी, दुसऱ्या गावी होस्टेलला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की आता फोटो नीट लावून टाकतो, वर्षावार, दुहेरी आलेले काढून, सगळ्या प्रती एकसारख्या करून. ती तेव्हा बूट घालत होती. बुटाच्या नाडीवरचा तिचा हात थांबला. "कशाला?" ती म्हणाली. "आहेत तसे ठीक आहेत की." आणि मग नाडी बांधून झाल्यावर, काही विशेष नाही अशा आवाजात, "लावायचेच तर जुने लाव आधी. ठकीच्या लहानपणचे." ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता पडद्यासमोर बसल्यावर तो थांबलेला हात मला स्वच्छ दिसायला लागला. माणूस काही लपवत असला की आधी त्याचा हात थांबतो आणि मग तोंड बोलायला लागतं. हे मी नव्या पोरांना शिकवतो.

आणि ती डिस्क माझ्या हाती यायचीच नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं. दर तीन महिन्यांनी बायकोच आक्काकडे जाते, तिथून डिस्क आणते, रविवारी बसून नवे फोटो चढवते आणि परत नेऊन ठेवते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे मी करायचो. मग माझ्यामागे कामाचा धबडगा लागला आणि तिने ते आपल्याकडे घेतलं. घेतलं, का काढून घेतलं? परवा आक्काकडे रंगकाम निघालं, कपाटं रिकामी झाली, आणि आक्काने सरळ मला फोन केला. "अहो, तुमची ती डबी इथे चुन्यात पडायची. पाठवून देऊ का तुमच्याकडे? तुम्ही घरीच आहात म्हणे लंगडत." अशी ती डबी कुरिअरवाल्याच्या हाती माझ्याकडे आली, बायकोला वळसा घालून. काल संध्याकाळी मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे वा," आणि स्वयंपाकघरात गेली. 'अरे वा' कशाबद्दल?

घराबाहेर एक प्रत हवी हा नियम माझाच. बारा-तेरा वर्षं झाली असतील, एका जळलेल्या घरात मी गेलो होतो, ओल्या राखेचा तो वास, जो कपड्यांतून दोन धुण्यांत जातो पण नाकातून जात नाही, आणि अंगणात एक बाई उपड्या बादलीवर बसली होती. मी माझी यादी वाचत होतो, फ्रीज, पलंग, शिलाई मशीन, आणि ती प्रत्येकाला मान हलवत होती, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं. शेवटी तिने विचारलं, "आणि फोटो?" माझ्या यादीत फोटोंना रकाना नव्हता. त्या दिवशी मी घरी आलो आणि हात धुवायच्या आधी बायकोला सांगितलं, आपल्या फोटोंच्या तीन प्रती. एक संगणकावर, एक कपाटात आणि एक ह्या छपराबाहेर. एका छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. ती हसली होती. "आपलं घर जळणारेय का?" "कुणालाच तसं वाटत नसतं," मी म्हटलं. तेव्हा आम्ही बरेच हसायचो. तिने आक्काचं घर सुचवलं, आणि मी प्रोग्रॅम असा लावून दिला की बाहेरच्या डिस्कवर नवं तेवढं चढेल, तिथलं काहीही कधीही पुसलं जाणार नाही. जळणाऱ्या घराने जाता जाता बाहेरची प्रतही खाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कपाटातली डिस्क मात्र संगणकाबरहुकूम चालते. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

म्हणजे हिशेब सरळ होता आणि तोच मला नको होता. बाहेरच्या डिस्कवर जे एक्केचाळीस जास्त होते ते कुणी तिथे घातलेले नव्हते, ते घरातून काढलेले होते. घरात आम्ही दोघंच. मी काढले नव्हते. एखाद-दुसरा हलला म्हणून, अंधारा आला म्हणून माणूस काढतोच, पण हे तसले नव्हते. मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून ते एक्केचाळीस वेगळे केले आणि उघडले, तर चांगले, उजेडातले, नीट आलेले फोटो. सगळे गेल्या दोन वर्षांतले. म्हणजे तिने हे काम हाती घेतल्यापासूनचे. जिन्यावरची ती पायरी पुन्हा एकदा पायाखालून गेली.

कारण बादलीवरची बाई ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी दोन वर्षांपूर्वीची. साठीच्या पुढचं एक जोडपं, घराचा मागचा भाग जळालेला, नवरा गप्प आणि बायको हमसून हमसून रडत होती, आणि रडण्यात एकच, आमचे अल्बम गेले हो, मुलांचे अल्बम गेले. मला बादलीवरची आठवली. मी दोन ठिकाणी जरा कानाडोळा केला आणि 'अपघाती' लिहून मोकळा झालो. चार महिन्यांनी कुणीतरी तक्रार केली, पुन्हा चौकशी झाली, आणि तिच्या बहिणीच्या घरी माळ्यावर अकरा अल्बम निघाले. चादरीत बांधलेले. आग लागायच्या आठवडाभर आधी नेऊन ठेवले होते. आमच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर बसवून विचारलं, "रडणं कोणत्या रकान्यात भरलंत?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून मी कुणाचं रडणं ऐकून घेत नाही, कुणाचं हसणंही. एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. जो आग लागणार हे जाणून असतो तो आधी फोटो बाहेर काढतो. दागिने राहू देतो, कागद राहू देतो, फोटो बाहेर काढतो, बहिणीच्या घरी.

आणि माझ्या घरातून एक्केचाळीस फोटो गेले होते आणि बहिणीच्या घरी राहिले होते.

तेवीस वर्षांचा संसार. मला फोटोंशी काही देणंघेणं नव्हतं, मला एकच कळायला हवं होतं, ती जाणार आहे का. हे वाक्य मनात पूर्ण झालं तेव्हा मी उठून कुबडीवर स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि पाणी न पिता परत आलो. मग मी जे मला येतं ते केलं. वही घेतली, रकाने आखले. तारीख, जागा, कोण कोण, वस्तू, फोटो कुणी काढला. चेहरे ओळखणारी एक सोय त्या प्रोग्रॅममध्ये आहे, पण ती मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती. यंत्राने माझ्या घरातली माणसं ओळखावीत हे मला पटत नाही. मी हातानेच भरत गेलो. पहिला, ठकी होस्टेलला जायच्या आदल्या दिवशीचं जेवण, ठकी, तिच्या तीन मैत्रिणी, एक उंच मित्र, बायको वाढतेय. चौथा, आक्काचा साठावा वाढदिवस, केक, आक्का, तिची सून, आमच्या वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. हा तिथे कसा? बोलावला होता, आठवलं, आक्काचे दात त्यानेच बसवलेत. सातवा, आमच्या इमारतीची गच्ची, पुन्हा तो दातवाला, बायको त्याच्या हातात बशी देतेय. अकरावा, तिच्या दवाखान्यातली मंडळी, एक निळ्या शर्टाचा दाढीवाला, हा कोण? चौदावा, समुद्र. सतरावा, कुणाच्या तरी लग्नाचा हॉल, आणि खुर्च्यांच्या रांगेत पुन्हा निळा शर्ट. मी ताडकन उभा राहिलो असतो, पाय धड असता तर.

दातवाला एकूण नऊ फोटोंत निघाला. निळा शर्ट तीनांत. आक्का चौदांत, पण ती असणारच. मी दातवाल्यावर पेन ठेवून बसलो. तो हसतो फार. जिन्यात भेटला तरी हसतो. स्वतःच्या दातांची जाहिरात, दुसरं काय. पण आमच्या गच्चीत बशी घेताना तो जे हसला होता ते बायकोकडे बघून हसला होता, आणि बायकोही हसली होती, आणि हे मी तेव्हाच टिपलं होतं, आज नाही. तरी नवांचाच हिशेब लागत होता. बत्तीस उरत होते. नवांसाठी कुणी एक्केचाळीस काढत नाही. मी आक्काला फोन लावला. रंगाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, मग म्हटलं, "आक्का, मागे एका लग्नात एक निळा शर्टवाला होता, दाढी असलेला. दवाखान्यातला का तो?"

"कोण निळा शर्ट? अहो लग्नात निळे शर्ट किती असतात." मग तिलाच आठवलं. "तो का! तो व्हिडिओवाला. हिने दवाखान्याच्या कार्यक्रमाला पण त्यालाच बोलावलं होतं, स्वस्तात करतो म्हणून. का हो?"

"काही नाही, फोटो लावतोय."

"फोटो लावताय की माणसं लावताय?" आक्का म्हणाली. "हे बघा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय झालंय? भांडलात का?"

"छे छे."

"मग तिला फोन करून विचारा ना, ती काय चंद्रावर गेलीय?" आणि जरा थांबून, आवाज उतरवून, "ती दमते हो हल्ली. बोलत नाही, पण दमते." मी काय ते समजून घेतलं. म्हणजे आक्काला माहीत होतं. दमते म्हणजे काय, कशाने दमते, कुणामुळे, आणि हे बहिणीला सांगते आणि मला सांगत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि सगळ्यांना ओल लागली होती, मीच कोरडा होतो. मग मी ठकीला लावला. तिचा दुपारचा तास नसतो. "बाबा, पाय कसाय?" "पाय आहे. ठकी, आई तुझ्याशी काही बोलली का इतक्यात?" "कशाबद्दल?" "असंच. कशाहीबद्दल." पलीकडे कुणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज होता. ठकी म्हणाली, "बाबा, तू बोलतोयस की जबाब घेतोयस?" मी हसलो. "अरे खरंच विचारतेय," ती म्हणाली. "तुझा तो आवाज लागलाय." कसला आवाज, मी विचारलं, तर म्हणाली, "तोच. जाऊ दे. जेवलास का?" मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगितलं.

मग मी ते केलं जे सांगायची लाज वाटते, पण आता सांगतोच आहे तर सगळं सांगतो. मी तिचं कपाट उघडलं. घडी मोडणार नाही अशा बेताने हात घालणं मला जमतं, सवयीचं आहे. रबरी पट्टे निघाले, गुडघ्याच्या हाडांची दोन प्लास्टिकची मॉडेलं, ठकीचं पहिलीतलं प्रगतिपुस्तक, एक बंद पडलेलं घड्याळ, जे मी तिला दिलं होतं आणि मला आठवत नव्हतं. कपाटाला तिचा वास होता, ती रुग्णांना लावते त्या मलमाचा आणि खाली साबणाचा. लग्नाआधी ती शिकत होती तेव्हाही हाच वास होता, ग्रंथालयात मी तिच्या मागच्या बाकावर बसायचो आणि वासावरून समजायचं ती आली. त्या वासात उभा राहून मी तिच्या कोटाचे खिसे चाचपत होतो. खिशात बसचं तिकीट आणि एक गोळीचा कागद. मी दोन्ही जसेच्या तसे ठेवले, तिकीट दुमडलेल्या बाजूने आत. इतका व्यवस्थित मी, की माझीच मला किळस आली, आणि तरीही तिकिटावरची तारीख मी वाचलीच.

दुपारी मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस छापून काढले, लहान लहान, एका पानावर सहा, आणि कापून पलंगावर मांडले. जळलेल्या जागेचे फोटो आम्ही असेच मांडतो. धूर कुठून कुठे गेला ते एका फोटोत कळत नाही, सगळे शेजारी ठेवले की भिंतींवरच्या काळ्या खुणा एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवायला लागतात. मी ते तारखांनी लावून बघितले, जागांनी लावून बघितले, मग माणसांनी. सगळ्यांत असलेला असा माणूस हवा होता. दातवाला नव्हता. आक्का नव्हती. ठकी बावीसांत होती. बायको अठ्ठावीसांत, म्हणजे तीसुद्धा सगळ्यांत नव्हती. काहीच सगळ्यांत नव्हतं. एक खुर्ची सहांत होती, तीही लिहिली. उन्हं पलंगाच्या पायथ्याशी आली, मग फोटोंवरून सरकत भिंतीवर गेली, आणि माझ्या रकान्यांतून काही निघेना. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं की इतकं सगळं समोर असून मला आगीची जागा सापडू नये. मग ठरवलं, सरळ विचारायचं. जायचं असेल तर जा म्हणायचं. हेही मी दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं.

साडेपाचला ती आली. किल्लीचा आवाज, चपला, पिशवी खुर्चीवर. "जेवलास का?" तिने बाहेरूनच विचारलं, आणि मग खोलीच्या दारात येऊन पलंग बघितला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. ते थांबले नाहीत. तिने केसांतली पिन काढली, पुन्हा लावली.

"किती सापडले?" ती म्हणाली.

मी तयारी केली होती ती तिने नाकारण्याची. "एक्केचाळीस."

"एवढेच? मला वाटलं शंभराच्या वर असतील." ती पलंगाच्या कडेला बसली, फोटो सरकवून, जागा करून. "आक्काच्या डिस्कवरून का? मला वाटायचं तिथलेही आपोआप जातात. बाकीचे तिथे चढायच्या आधीच काढले असणार मी." एवढं सगळं ती दुधाचं पातेलं कुठे ठेवलंय हे सांगावं तशी बोलली. मी म्हटलं, "म्हणजे तू कबूल करतेस." ती माझ्याकडे बघून हसली, खरोखर हसली. "अरे, मी तुझी विम्याची पार्टी नाहीये. काय विचारायचंय ते विचार."

"कुणासाठी काढलेस?" मी विचारलं. मग तेवढ्याने भागेना. "तू जाणार आहेस का?"

माझी वही तिच्या हाताशीच होती, ती तिने उचलली आणि रकाने वाचायला लागली. दातवाल्याचे नऊ तिने बोटाने मोजले. खुर्चीच्या नोंदीवर आली तेव्हा तिची भुवई वर गेली. पान उलटलं, परत मागे आली. "सगळे लिहिलेस," ती म्हणाली. "व्हिडिओवाला पण. आणि तू?"

"मी काय?"

"तू कितीत आहेस?"

"मी कसा असेन यादीत?" मी म्हटलं. ते मी अगदी सहज म्हटलं. पाहणी करणारा स्वतःला यादीत धरत नाही. जळलेल्या खोलीच्या फोटोत आरशात माझी सावली येते, काचेत माझी टोपी येते, ती आम्ही वगळतो. सव्वीस वर्षं मी स्वतःला वगळूनच फोटो बघत आलोय, दुसऱ्या कशाने बघता येतं हे मला माहीतच नाही. तिने वही बंद केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मग आता धर," म्हणाली.

मी पहिला उचलला. ठकीचं जेवण. ठकी हातवारे करून काही सांगतेय, मैत्रिणी ओणव्या झाल्यात हसून, आणि टेबलाच्या टोकाला मी, त्या उंच पोराकडे बघतोय. आक्काचा केक, सगळे टाळ्या वाजवताहेत, भिंतीशी मी, हाताची घडी, नजर दातवाल्यावर. गच्चीत मी टाकीजवळ उभा राहून बायकोकडे बघतोय. समुद्रावर ती आणि ठकी पाण्यात, आणि मागे वाळूत मी, त्यांच्याशी बोलणाऱ्या कुणा बाईकडे बघतोय, पत्ता विचारत असेल बिचारी. एकात मी नुसता काचेत होतो. एकात खांदा आणि अर्धा चेहरा. एक्केचाळीस. सगळ्यांत एकच चेहरा, ओठ आत ओढलेले, जबडा आवळलेला, एक डोळा किंचित बारीक, समोरचा माणूस काय लपवतोय ते बघणारा. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. कामावरचा माझा चेहरा. घरी येताना तो मी बुटांबरोबर दाराबाहेर काढतो अशी माझी समजूत होती.

"पहिला तो जेवणाचा काढला," ती म्हणाली. ती माझ्याकडे न बघता फोटो गोळा करत होती, पत्ते गोळा करावेत तसे. "ठकीने होस्टेलवरून फोन केला, आई, बाबा त्या दिवशी कुणावर चिडला होता? मी म्हटलं, कुणावर नाही गं. मग बघितला फोटो, आणि काढून टाकला. म्हटलं, पुढे कधी ती हे उघडून बसेल, तिला बाप असा सापडायला नको. मग दुसरा सापडला. मग दर रविवारी."

"ठकीसाठी."

"आधी ठकीसाठी." तिने गठ्ठा गुडघ्यावर ठोकून कडा सारख्या केल्या. "नंतर माझ्यासाठी. रविवारी फोनमधले फोटो संगणकावर चढवायला बसते आणि हा माणूस दिसतो. ह्याच्याबरोबर मला म्हातारं व्हायचं नाहीये रे. तुझ्याबरोबर व्हायचंय. मग ह्याला काढते." तिने सर्वांत वरचा फोटो पालथा केला. "जायचं असतं तर ठेवले असते ना. नीट जपून ठेवले असते."

मी म्हटलं, सांगायचं होतंस मला.

"सांगितलं होतं. मी म्हटलं, तू हल्ली सगळ्यांकडे फार रोखून बघतोस. आठवतंय तू काय म्हणालास? म्हणालास, असं कोण म्हणालं तुला?"

मला आठवत नव्हतं, पण तो मीच होतो, शंकाच नाही. तिने गठ्ठा उशीपाशी ठेवला आणि उठली. माझ्या प्लास्टरवर दोन बोटं ठेवून बघितली, सूज वरून खाली उतरलीय का ते, सवयीने. कपाटाकडे तिने एकदा बघितलं. मी आज तिच्या खिशात हात घातला होता हे मला त्या क्षणी सांगून टाकायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी एवढंच विचारलं, "मग राहिलेत का माझे? ह्या दोन वर्षांतले?"

"आहेत की थोडे," ती म्हणाली. "बघ तूच. मी चहा टाकते."

ती गेल्यावर मी कुबडी ओढून संगणकापाशी गेलो. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, कप एकमेकांवर आपटले. मी दोन वर्षं मागची तारीख घातली आणि एकेक फोटो पुढे सारत आलो, शेकडो, ठकीचे, आक्काचे, रस्त्याचे, ढगांचे, कुणाकुणाच्या बाळांचे, आणि ह्या वेळी फक्त स्वतःला शोधत. एकदाही घाई केली नाही. आजच्या सकाळपर्यंत आलो. नऊ होते. एकात मी पाठमोरा होतो, एकात नुसते पाय. बाकीच्या सातांत मी झोपलेला होतो.